कोऱ्या फाइलीपासून सुरुवात : टेक्स्ट एडिटरच्या व्यक्तिगत कॉन्फिगरेशनची संहितानिष्ठ चिकित्सा

१. प्रास्ताविक

लेखनाची समीक्षा करताना आपण आशय, रूप, भाषा आणि परंपरा यांचा विचार करतो. लेखनाच्या साधनाचा विचार मात्र बहुधा तंत्रज्ञांकडे सोपवून मोकळे होतो. बोरू, टाक, टंकलेखनयंत्र आणि संगणक अशी साधने बदलत गेली, तशा लिहिणाऱ्याच्या सवयीही बदलल्या, हे सर्वमान्य आहे. परंतु संगणकाच्या बाबतीत एक निराळी गोष्ट घडली. काही टेक्स्ट एडिटर असे आहेत की त्यांचे वर्तन त्यांच्याच साहाय्याने लिहिलेल्या एका साध्या मजकूर-फाइलीतून ठरते. लेखणीला कसे वागायचे हे लेखणीनेच लिहून सांगता येते, असा हा प्रकार होय. या फाइलीला कॉन्फिगरेशन असे म्हणतात. इमॅक्स, व्हिम आणि निओव्हिम या एडिटरांच्या वापरकर्त्यांमध्ये दुसऱ्या कोणाचीही फाइल न उचलता स्वतःची फाइल पहिल्या ओळीपासून लिहिणे ही एक प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते.

प्रस्तुत लेखाचा हेतू अशा कॉन्फिगरेशनकडे एक संहिता म्हणून पाहणे आणि ‘शून्यापासून’ या दाव्याची चिकित्सा करणे हा आहे. ती तयार कशी करावी याचे मार्गदर्शन करणे हा हेतू नाही. विषय संगणकशास्त्राचा वाटला तरी येथे उपस्थित होणारे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परिचित आहेत. संहितेचा कर्ता कोण? उसना घेतलेला पाठ कोणाचा? प्रक्षेप कसे ओळखावेत? आणि जे आपण समजून घेतलेले नाही ते आपले म्हणता येते काय?

या विषयाकडे वळण्याचे एक कारण व्यक्तिगत आहे आणि त्याचा विवेचनाशी संबंध असल्याने ते नमूद करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखकाची एम.फिल.ची प्रबंधिका एका टंकलेखन केंद्रात, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाली. काही वर्षांनी तीच फाइल नव्या संगणकावर उघडली तेव्हा पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक रांग तेवढी होती. छापील प्रत शिल्लक होती म्हणून प्रबंधिका वाचली. परंतु आपण लिहिलेला मजकूर वास्तविक आपल्या ताब्यात कधी नव्हताच, तो एका विशिष्ट फॉन्टच्या मर्जीवर अवलंबून होता, ही जाणीव मात्र कायमची राहिली. साधा युनिकोड मजकूर आणि तो लिहिण्याचे, आतून पाहता येईल असे साधन यांचा शोध तेथून सुरू झाला.

२. संहिता म्हणून कॉन्फिगरेशन

कॉन्फिगरेशन फाइल ही केवळ आवडीनिवडींची यादी नसते. इमॅक्सच्या बाबतीत ती इमॅक्स लिस्प या संगणकभाषेत लिहिलेली आज्ञावली असते. व्हिमच्या बाबतीत ती व्हिमच्या स्वतःच्या भाषेत असते, तर निओव्हिममध्ये २०२१ साली आलेल्या ०.५ या आवृत्तीपासून ती ल्युआ या भाषेतही संपूर्णपणे लिहिता येते. म्हणजे तिच्यात विधाने असतात, अटी असतात, क्रम असतो आणि क्रम बदलला तर अर्थही बदलतो. एकच कळ दोन ठिकाणी दोन आज्ञांना बांधली असेल, तर नंतरची ओळ आधीचीला रद्द करते. त्यामुळे ही फाइल वरून खाली वाचावी लागते. ती कोशासारखी मधूनच उघडून चालत नाही.

या लेखनप्रकाराच्या इतिहासात एक अर्थपूर्ण विरोधाभास आहे. १९७०च्या दशकात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाचा संपादक वापरात होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात अशी सोय केली की एखादी कळ दाबताच वापरकर्त्याने स्वतः रचलेला आज्ञासमूह चालावा. परिणाम असा झाला की ज्याने त्याने आपापले आज्ञासंच रचले आणि एकाने घडवलेल्या मांडणीत दुसऱ्याला काम करणे अवघड झाले. या संचांचे एकत्रीकरण करण्याचे काम गाय स्टील यांनी हाती घेतले, स्टॉलमन यांनी ते पुढे नेले आणि त्यातून १९७६ साली इमॅक्स जन्माला आला. म्हणजे व्यक्तिगत मांडणीचे माहेरघर समजला जाणारा हा एडिटर मुळात व्यक्तिगत मांडण्यांच्या अराजकावरचा उपाय होता. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समूहाची समान भाषा यांतील ताण या प्रकारात प्रारंभापासून आहे. स्टॉलमन यांनी १९८१च्या आपल्या निबंधात इमॅक्सचे वर्णन विस्तारक्षम, इच्छेनुसार बदलता येणारा आणि स्वतःचे दस्तऐवजीकरण स्वतः पुरवणारा एडिटर असे केले. यांतील तिसरे विशेषण पुढील विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरते.

आपल्या परंपरेत महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले होते. ज्याला किल्ली ठाऊक त्यालाच ग्रंथ खुला, अशी ती व्यवस्था होती. फार व्यक्तिगत झालेल्या कॉन्फिगरेशनचेही असेच होते. कर्त्याखेरीज कोणाला त्या एडिटरमध्ये एक ओळही लिहिता येत नाही; आणि दोन वर्षांनी स्वतः कर्त्यालाही किल्ली आठवत नाही. महानुभावांच्या लिपीमागे पंथाचा निश्चित निर्णय होता. येथे तसा निर्णय कोणी घेतलेला नसतो, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे.

३. शून्याची चिकित्सा

‘शून्यापासून’ या शब्दप्रयोगात असे गृहीत धरलेले आहे की एक कोरी अवस्था असते आणि तिच्यावर आपण लिहू लागतो. ही कोरी अवस्था खरोखर अस्तित्वात आहे काय, याची तपासणी केली असता उत्तर नकारार्थी येते.

व्हिमचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला व्हिम हा बिल जॉय यांच्या व्हीआय या १९७६च्या एडिटरच्या धर्तीवर रचलेला आहे. व्हिममध्ये जुन्या व्हीआयप्रमाणे वागण्याची एक सुसंगत अवस्था आहे. वापरकर्त्याची कॉन्फिगरेशन फाइल आढळली की ही अवस्था आपोआप बंद होते, मग त्या फाइलीत एकही अक्षर नसले तरी! २०१६ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून यात आणखी एक भर पडली. वापरकर्त्याची फाइल नसेल तर व्हिम स्वतःची एक मूलस्थितीची फाइल वाचतो. वापरकर्त्याची फाइल असेल तर ती वाचत नाही. म्हणजे कोऱ्या फाइलीचा परिणाम फाइल नसण्याच्या परिणामाहून भिन्न असतो. कोरा कागद पुढे ठेवणे हेच येथे एक विधान ठरते.

इमॅक्सच्या बाबतीत शून्याच्या पायऱ्या आहेत. एका पर्यायाने तो केवळ वापरकर्त्याची फाइल न वाचता सुरू होतो; परंतु त्या यंत्रावर व्यवस्थापकाने सर्वांसाठी ठेवलेली फाइल तरीही वाचली जाते. मोठ्या लिपीतील क्यू या दुसऱ्या पर्यायाने तीही वगळली जाते. तथापि त्यानंतरही जे उरते ते निर्विकार नसते. त्यात अनेक दशकांचे निर्णय साठलेले असतात. परिच्छेदाच्या ओळी सत्तराव्या रकान्याच्या आत मोडाव्यात, वाक्याच्या शेवटी दोन रिकाम्या जागा असाव्यात, हे निर्णय कोणीतरी, कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी लेखनसवयीला अनुसरून घेतलेले आहेत. त्याचप्रमाणे व्हीआयमध्ये कर्सर हलवण्यासाठी एच, जे, के आणि एल या कळा का, याचे उत्तर बिल जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करीत त्याच्या कळफलकावर आहे. त्या चार कळांवरच बाण छापलेले होते. ते यंत्र कालबाह्य झाले, परंतु त्याचा ठसा आजही लाखो हातांच्या बोटांत आहे.

यावरून असे म्हणता येईल की कॉन्फिगरेशनमधील शून्य हे अभावाचे शून्य नाही. ते पूर्वसूरींच्या निर्णयांचा सारांश आहे. शून्यापासून लिहिणारा वापरकर्ता निर्मितीपेक्षा निवडीचे आणि वाचनाचे काम अधिक करतो. कोणत्या पूर्वनिर्णयाला संमती द्यायची आणि कोणत्याला नाकारायचे, हे त्याने ठरवायचे असते.

४. पाठपरंपरा आणि प्रक्षेप

बहुसंख्य कॉन्फिगरेशन फाइली नकलेतून वाढतात. एकाच्या फाइलीतील दहा ओळी दुसरा उचलतो, त्याच्याकडून तिसरा. हस्तलिखितांच्या परंपरेत जे दोष आढळतात ते सर्व येथे आढळतात. लेखनिकाने न समजता उतरवलेला शब्द जसा पिढ्यानपिढ्या तसाच चालत राहतो, तशी न समजलेली ओळही चालत राहते.

व्हिमच्या फाइलींच्या शिरोभागी सुसंगत अवस्था बंद करण्याची आज्ञा अनेकदा आढळते. वर सांगितल्याप्रमाणे फाइल असणे हेच ती अवस्था बंद होण्यास पुरेसे असल्याने नेहमीच्या वापरात ही ओळ निरर्थक आहे. तरीही ती मंगलाचरणासारखी पुनःपुन्हा लिहिली जाते. इमॅक्सच्या परंपरेत याहून विलक्षण उदाहरण आहे. पंचविसाव्या आवृत्तीत पॅकेज-व्यवस्था सुरू करणारी ओळ वापरकर्त्याच्या फाइलीत नसेल, तर इमॅक्स ती स्वतः त्या फाइलीत घालत असे. सत्ताविसाव्या आवृत्तीपासून (२०२०) पॅकेजे ही फाइल वाचण्यापूर्वीच कार्यान्वित होऊ लागल्याने त्या ओळीचे सामान्यतः प्रयोजन उरले नाही. तथापि यंत्राने घातलेली ती ओळ माणसांनी एकमेकांच्या फाइलींतून उतरवून घेतली. हा यंत्रकृत प्रक्षेप होय. कस्टमाइझ नावाच्या सोयीतून पर्याय निवडले असता इमॅक्स त्यांची नोंद मूलतः त्याच फाइलीच्या शेवटी करतो. स्वतंत्र फाइल नेमून दिली तरच ती नोंद वेगळी राहते. म्हणजे ज्या संहितेला आपण पूर्णतः व्यक्तिगत समजतो तिचा एक सहलेखक स्वतः एडिटर असतो.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांच्यासमोर मूळ ग्रंथ आणि त्यात मिसळलेले पाठ यांचा विवेक करण्याचे काम होते. कॉन्फिगरेशनच्या वापरकर्त्यांत ‘इमॅक्सची दिवाळखोरी’ जाहीर करणे असा एक रूढ विनोदी शब्दप्रयोग आहे. फाइल इतकी गुंतागुंतीची होते की ती दुरुस्त करण्यापेक्षा टाकून देऊन नव्याने आरंभ करणे पत्करते. या दोन कृतींची तुलना मर्यादित अर्थानेच करता येईल, परंतु भेद उद्बोधक आहे. एकनाथांनी प्रक्षेप दूर करून मूळ पाठ राखला. दिवाळखोरी जाहीर करणाऱ्याकडे राखण्याजोगा मूळ पाठच नसतो, कारण त्याची फाइल आरंभापासून प्रक्षेपांचीच बनलेली असते.

येथे एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले पाहिजे. शून्यापासून आरंभ करणारा बहुधा नवशिका नसतो. नवशिका उसन्या फाइलीपासून आरंभ करतो, कारण काय मागावे हेच त्याला ठाऊक नसते. शून्यापासूनचा आरंभ हा प्रायः दुसरा आरंभ असतो. तो उसनवारीच्या अनुभवातून आलेला असतो. प्रस्तुत लेखकाची पहिली फाइल सुमारे तीनशे ओळींची आणि जवळजवळ संपूर्णपणे उसनी होती. ऐन परीक्षेच्या हंगामात एडिटरची नवी आवृत्ती बसवली आणि तो सुरू होतानाच दोष दाखवू लागला. निम्म्या ओळी टिप्पणीत टाकून पाहणे, दोष राहिला तर उरलेल्यांपैकी निम्म्या, अशा विभाजनाच्या रीतीने दोषस्थान सापडले. परंतु ती ओळ काय करते हे सांगता येईना. आणि मग ध्यानात आले की शेजारच्या ओळींविषयीही काही सांगता येत नाही. ज्या विद्यार्थ्याने गाईडमधील उत्तर पाठ केले आहे आणि प्रश्नातील एक शब्द बदलताच जो थबकतो, त्याच्याहून ही अवस्था वेगळी नव्हती. त्या विद्यार्थ्याला वर्गात आपण जे सुनावतो ते येथे स्वतःला लागू होत होते.

५. तीन प्रतिमाने

आज उपलब्ध असलेल्या मार्गांची तीन प्रतिमानांत विभागणी करता येते.

पहिले प्रतिमान तयार मांडणीचे. इमॅक्ससाठी स्पेसमॅक्स आणि डूम ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. शेकडो निर्णय जाणकारांनी आधीच घेऊन ठेवलेले असतात आणि वापरकर्ता हवे ते विभाग चालू करतो. यात वेळ वाचतो हे निर्विवाद आहे. मात्र एडिटर आणि वापरकर्ता यांच्यामध्ये एक मध्यस्थ संहिता उभी राहते. काही बिघडले तर दोष एडिटरचा, मांडणीचा की आपला, हे ठरवण्यासाठी तिन्ही वाचावे लागतात.

दुसरे प्रतिमान अध्ययन-प्रतीचे. निओव्हिमसाठी रचलेली किकस्टार्ट ही एकाच फाइलीतील, प्रत्येक भागावर टिप्पणी असलेली प्रत याचे उत्तम उदाहरण आहे. ही तयार मांडणी नव्हे, ती वाचून समजून घ्यावी आणि स्वतःची करावी, अशीच तिच्या कर्त्यांची भूमिका आहे. सटीप आवृत्तीचे जे स्थान साहित्याच्या अध्यापनात असते तेच हिचे येथे आहे. हिचे यश वाचकावर अवलंबून राहते. टीपा न वाचता वापरली तर तीही गाईडच ठरते.

तिसरे प्रतिमान शून्यारंभाचे. येथे प्रत्येक ओळ गरज निर्माण झाल्यावर लिहिली जाते. या मार्गाचा खरा आधार म्हणजे वर उल्लेखिलेला स्व-दस्तऐवजीकरणाचा गुण. इमॅक्समध्ये कोणतीही कळ काय करते, कोणत्या चलाची किंमत काय आहे, मूळ किंमत काय होती आणि त्याची व्याख्या कोणत्या फाइलीत आहे, हे एडिटरलाच विचारता येते. हा गुण नसता तर शून्यारंभ ही केवळ हौस ठरली असती. तो असल्यामुळेच ती अभ्यासपद्धती होऊ शकते.

या तिसऱ्या मार्गाला सुरक्षिततेचेही एक अंग आहे. इमॅक्समध्ये बसवलेले पॅकेज वापरकर्त्याच्या सर्व अधिकारांनिशी चालते. त्याला वेगळ्या कुंपणात ठेवलेले नसते. २०१२च्या चोविसाव्या आवृत्तीपासून पॅकेज-व्यवस्था अंतर्भूत झाल्याने एका ओळीत अनोळखी व्यक्तीची आज्ञावली आपल्या यंत्रावर आणता येते. म्हणून कोणती ओळ का घेतली, हा प्रश्न शैलीपुरता राहत नाही. तो विश्वासाचाही प्रश्न होतो.

६. मराठी लेखनाच्या संदर्भात काही ओळींचे वाचन

वरील विवेचन अमूर्त राहू नये म्हणून प्रस्तुत लेखकाच्या दुसऱ्या, म्हणजे कोऱ्या फाइलीपासून लिहिलेल्या कॉन्फिगरेशनमधील काही ओळींचे येथे वाचन करू. नियम एकच होता : जी ओळ काढली तर काय बिघडेल हे सांगता येत नाही, ती ओळ ठेवायची नाही.

पहिली ओळ वाक्याच्या व्याख्येची. इमॅक्स मूलतः असे मानतो की विरामचिन्हानंतर दोन रिकाम्या जागा असतील किंवा ओळ संपत असेल तरच वाक्य संपते. इंग्रजी टंकलेखनातील ही जुनी रीत आहे. मराठीत आपण एकच जागा सोडतो. त्यामुळे वाक्याच्या शेवटी जाण्याची आज्ञा दिली असता कर्सर अनेक वाक्ये ओलांडून थेट परिच्छेदाच्या अखेरीस जातो आणि एक वाक्य खोडण्याची आज्ञा दिली तर अवघा परिच्छेद पुसला जातो. सेंटेन्स-एंड-डबल-स्पेस या चलाची किंमत नकारार्थी केली की हा घोटाळा संपतो. एका ओळीने एका भाषेची टंकलेखनसवय नाकारून दुसऱ्या भाषेची स्वीकारता येते. ही दुरुस्ती केवळ मराठीपुरती नाही. एक जागा सोडून इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही ती करावी लागते. परंतु मूलस्थिती तटस्थ नसते, हे मराठी लेखकाला या ओळीत प्रथम जाणवते.

दुसरी ओळ देवनागरी लेखनपद्धतीची. संगणकाच्या पातळीवर कळफलक देवनागरी केला तर एडिटरच्या आज्ञांच्या कळाही देवनागरी होतात आणि आज्ञा ओळखल्या जात नाहीत. इमॅक्सची स्वतःची इनपुट-पद्धती वापरली तर अक्षरे देवनागरीत उमटतात आणि कंट्रोल-कळेच्या आज्ञा अबाधित राहतात. इन्स्क्रिप्ट पद्धती मूलस्थिती म्हणून नेमण्याची एक ओळ आणि कंट्रोल व उलटी तिरपी रेघ ही जोडकळ, एवढ्यावर मराठी व इंग्रजी यांत ये-जा करता येते. व्हिममध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. तेथील कीमॅप मुख्यतः लेखनाच्या अवस्थेत लागू होतो आणि आज्ञांच्या अवस्थेत अक्षरे रोमनच राहतात. लेखन आणि संपादन या अवस्था वेगळ्या ठेवण्याची व्हीआयची जुनी कल्पना द्विभाषक लेखकाच्या अशी अनपेक्षितपणे कामी येते.

तिसरा भाग चार-पाच ओळींचा असून त्याचा संबंध मराठीच्या एका खास अक्षररूपाशी आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. पहिल्यात विद्वान आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साधता येतो. एका रीतीत नुक्तायुक्त ऱ आणि हलन्तचिन्ह येते, तर दुसरीत साधा र, हलन्तचिन्ह आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न शब्द असतात. निरनिराळ्या कळफलकांवर टंकलिखित झालेले मजकूर एकत्र केले तर ‘दऱ्या’ हा शब्द शोधताना काही ठिकाणे सापडतात आणि काही निसटतात. शब्दसूची तयार करणाऱ्या अभ्यासकासाठी ही गंभीर चूक आहे. फाइल साठवण्यापूर्वी दुसऱ्या रीतीचे सर्व अनुक्रम पहिल्या रीतीत आणणारे एक लहान फलन लिहिले आणि इमॅक्समधील साठवणपूर्व आकड्याला अडकवले, की त्या फाइलीपुरता प्रश्न मिटतो. पाठशुद्धीचे हे काम यंत्र करते, पण त्याची गरज मराठी लिहिणाऱ्यालाच जाणवू शकते. तयार मांडणीत अशी ओळ मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही.

चौथी नोंद ओळ न लिहिण्याची आहे. इमॅक्सच्या अलीकडील आवृत्त्यांत पुढे खोडण्याची डिलीट कळ संपूर्ण अक्षरसमूह खोडते, तर मागे खोडण्याची कळ शेवटचे चिन्ह तेवढे काढते. ‘क्षि’ या अक्षरात चार चिन्हे असतात. मागून खोडले तर प्रथम केवळ वेलांटी जाते. आरंभी हा दोष वाटला आणि तो बदलण्याचा मोह झाला. परंतु शुद्धलेखन तपासताना ऱ्हस्वाचा दीर्घ करणे हेच सर्वाधिक घडते आणि त्यासाठी मूळ वर्तनच सोयीचे आहे, हे वापरातून लक्षात आले. पूर्वसूरींचा निर्णय समजून घेऊन तो तसाच राहू देणे हेही कॉन्फिगरेशनच होय. फाइलीत त्याची खूण राहत नाही, एवढेच.

७. भाष्यासहित आज्ञावली

डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ साली ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या निबंधात अशी भूमिका मांडली की आज्ञावली प्रथम माणसाला समजावी अशा क्रमाने लिहावी. यंत्रासाठीची प्रत त्यातून काढून घ्यावी. इमॅक्समध्ये हा विचार ऑर्ग-मोडच्या रूपाने रुजला. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली आरंभलेल्या या साधनामुळे एका दस्तऐवजात परिच्छेद आणि आज्ञा एकत्र ठेवता येतात आणि आज्ञा तेवढ्या वेगळ्या काढता येतात. त्यामुळे अनेक वापरकर्ते आपले कॉन्फिगरेशन निबंधाच्या स्वरूपात लिहितात.

मूळ सूत्र आणि त्यावरील भाष्य यांची सांगड ही आपल्या ज्ञानपरंपरेला नवी नाही. म्हणूनच भाष्याचा जो दोष आपल्याला परिचित आहे त्याकडेही लक्ष वेधावे लागते. भाष्य जुने होते आणि सूत्र बदलते. आज्ञा बदलूनही परिच्छेद तसाच राहिला तर तो वाचकाची दिशाभूल करतो. शिवाय, आज्ञेने काय केले हे सांगणारे भाष्य बहुधा निरुपयोगी असते, कारण ते एडिटरला विचारता येते. ती ओळ का घातली, कोणत्या दिवशीच्या कोणत्या अडचणीतून घातली, एवढेच एडिटर सांगू शकत नाही. ते कर्त्यानेच लिहिले पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या फाइलीत म्हणूनच प्रत्येक नोंदीवर एकच वाक्य असते आणि ते ‘कारण’ या शब्दाने सुरू होते.

८. आक्षेपांचा विचार

शून्यारंभाच्या मार्गावर तीन आक्षेप घेता येतात आणि ते तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप वेळेचा. साधन घडवण्यात इतका काळ जातो की लेखन बाजूला राहते. लेखणीला टोक करता करता पेन्सिल संपावी, तसा हा प्रकार आहे. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. त्यावरचा उपाय मार्गातच आहे. गरजेशिवाय ओळ लिहायची नाही हा नियम पाळला तर फाइल फार हळू वाढते. आठ महिन्यांत प्रस्तुत लेखकाची फाइल एक्केचाळीस ओळींची झाली. परंतु नियम मोडण्याचा मोह सतत असतो, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

दुसरा आक्षेप समूहाचा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर आपली फाइल नसते. सहकाऱ्याच्या यंत्रावर बसलो तर बोटे अडखळतात. जितके कॉन्फिगरेशन व्यक्तिगत, तितके इतर यंत्रांवर आपण परके. १९७६च्या अनुभवाने शिकवलेला धडा हाच आहे. म्हणून मूळ कळा शक्यतो न बदलता केवळ उणीव भरून काढावी, हा संयम आवश्यक ठरतो.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. शून्यारंभाचा अभिमान हा एक प्रकारचा अहंकार असू शकतो. स्वतः लिहिलेल्या चाळीस ओळींखाली इतरांनी लिहिलेल्या लाखो ओळींचा एडिटर आहे आणि त्याखाली आणखी स्तर आहेत. २०२०च्या आवृत्तीपासून इमॅक्समध्ये देवनागरी जोडाक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ या सामायिक साधनाचा आधार घेतला जातो. त्यातील एकही ओळ आपली नाही. तेव्हा स्वावलंबनाचा दावा अतिरिक्त आहे. हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे, आणि त्याने शून्यारंभाचे मूल्य नाहीसे होत नसले तरी त्याचे स्वरूप बदलते. त्याचे मूल्य स्वावलंबनात शोधण्यापेक्षा उत्तरदायित्वात शोधणे योग्य ठरते.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

एक, टेक्स्ट एडिटरचे कॉन्फिगरेशन ही क्रम, कर्तृत्व आणि पाठपरंपरा असलेली संहिता आहे आणि संहितासमीक्षेच्या संकल्पना तिला सार्थपणे लागू होतात.

दोन, ‘शून्यापासून’ हा दावा शब्दशः खरा नाही. कोरी फाइलसुद्धा एडिटरचे वर्तन बदलते आणि मूलस्थिती ही पूर्वसूरींच्या निर्णयांनी भरलेली असते.

तीन, तरीही शून्यारंभाला मूल्य आहे, कारण तो पूर्वनिर्णयांचे वाचन अनिवार्य करतो. फाइलीच्या ओळींची संख्या किंवा ती कोठून आली हा तिच्या परीक्षणाचा निकष असू नये. कर्त्याला प्रत्येक ओळीचे कारण सांगता येते काय, हा निकष असावा. उसनी ओळही कारणासह आपली होते; स्वतः लिहिलेली ओळ कारण विसरले की परकी होते.

चार, मराठी लेखकाच्या दृष्टीने या खटाटोपाला हौसेपलीकडचा अर्थ आहे. आपल्या भाषेच्या गरजा मूलस्थितीत गृहीत धरलेल्या नसतील, तर त्या ओळखण्याचे आणि नोंदवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

ज्या फाइलीपासून या लेखाचा आरंभ झाला ती प्रबंधिका प्रस्तुत लेखकाने छापील प्रतीवरून पुन्हा टंकलिखित करण्यास घेतली आहे. पहिली दोन प्रकरणे पूर्ण झाली आहेत. ती साध्या मजकुराच्या स्वरूपात आहेत आणि कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात. ज्या एक्केचाळीस ओळींच्या साहाय्याने ती लिहिली गेली त्या उद्या नष्ट झाल्या, तरी त्या मजकुराच्या एकाही अक्षराला बाध येणार नाही.